हौसाबाईच्या तोंडचं लुगडं

मी लुगडं बोलतोय. दोरीवर वाळत घातलेलं कापड नव्हे, त्या कापडाला ज्या नावानं हाक मारतात ते नाव. मी एक शब्द आहे. शब्दाचं घर म्हणजे माणसाचं तोंड. कुणी उच्चारलं तर मी आहे. नाही उच्चारलं तर मी कुठं असतो, हे मलाही सांगता येणार नाही.

माझा जन्म कधी झाला ते मला ठाऊक नाही. भावंडं मात्र आठवतात. गुजरातीत लुगडुं म्हणजे अंगावरचं कुठलंही वस्त्र, ते पुरुषाचंही असू शकतं. राजस्थानात लुगडी बायकांच्या डोक्यावर ओढणीसारखी बसते. मराठी मुलखात मी बायकांच्या वाट्याला आलो आणि नऊ वारांचा झालो. इथं मला नेसतात. सदरा घालतात, टोपी घालतात, लुगडं नेसतात. घालायचा कपडा कुणीतरी आधीच शिवून ठेवलेला असतो. नेसणारी बाई रोज सकाळी तिचं वस्त्र स्वतःच्या हातांनी नव्यानं घडवते. एकही टाका नाही, एकही बटण नाही, आणि ते नेसून ती भात लावते, विहिरीत उतरते, बाळंतपणं करते.

लेक सासरी निघाली की तिला लुगडंचोळी करायचे. मी विरलो की दोन जीर्ण लुगडी मधोमध कापून, त्यांची धड टोकं एकमेकांना जोडून त्यांचं एक करायचे. त्याला दांड घालणं म्हणत. एखादा पुरुष भ्याला की त्याला सांगायचे, जा, लुगडं नेसून बस. मला हे कधीच कळलं नाही. मला नेसणाऱ्या बायका ज्या ओझ्याखाली वाकून चालायच्या ते त्या पुरुषाला अर्ध्या वाटेपर्यंतही उचलवलं नसतं. तरी भित्रेपणाला माझं नाव.

मग शहरात पातळ आलं, मागोमाग साडी आली आणि मी खेडवळ ठरलो. आता तर मला नऊवारी म्हणतात. नऊवारी हे माप झालं, नाव नव्हे. तुमचं नाव पुसून कुणी तुम्हाला 'साडेपाचफुटी' अशी हाक मारली तर ओ द्याल का? पाडव्याच्या स्वागतयात्रेत डोंबिवली आणि ठाण्याच्या रस्त्यांवर जी गर्दी लोटते, तिच्यात हजारो मुली नऊवारीत असतात. फेटा, गॉगल, बुलेट. फोटोखाली लिहितात, आपली संस्कृती. त्या गर्दीत मी कुणाच्या तोंडात आहे का, हे मी दर वर्षी शोधतो. दर वर्षी रिकाम्या हातांनी परततो.

परततो तो ठाण्यातल्याच वर्तकनगरला, हौसाबाईकडे.

हौसाबाई जुन्नर तालुक्यातल्या ओतूरची. नवरा वागळे इस्टेटमध्ये कामाला होता, म्हणून लग्न होऊन ती वर्तकनगरच्या वसाहतीत आली. नवरा गेला, वसाहत पाडली, तिथं टॉवर उभा राहिला आणि ती नवव्या मजल्यावर राहायला लागली. मुलगा श्रीपाद कल्याणला नोकरी करतो, सून कांता डोंबिवलीची, नात अक्षदा कॉलेजात. घरात सगळं बदललं, पण मला तिनं सोडलं नाही. सकाळी अंघोळ झाली की आतून हाक यायची, "कांता, माझं लुगडं दे गं." दिवसातून एकदा तरी मी त्या घरात जिवंत व्हायचो.

तिच्याशिवाय मला तोंडात घोळवणारी आणखी एक बाई होती, जवळच्या बाळकुम गावची ख्रिस्ती ज्युलियाना. तिच्या घरच्यांची बाळकुमला शेती होती आणि ती डोक्यावर पाटी घेऊन वसाहतीत भाजी विकायला यायची. आता शेताच्या जागी इमारती आहेत आणि ती त्यांतल्याच एकीत मुलीकडे राहते. पाटी गेली तरी येणं राहिलं. तिच्या तोंडी मी 'लुगरं' होतो. नेसायची तेही गुडघ्यापर्यंत आखूड, चिखलात चालणाऱ्या बाईसारखं. हौसाबाईचं घोट्यापर्यंत. खरं लुगडं कुणाचं यावरून दोघींचं जन्माचं भांडण. हौसाबाई म्हणायची, तुझं म्हणजे निम्मं नेसायचं राहूनच गेलंय. ज्युलियाना म्हणायची, तुझ्यानं रस्ता झाडायचा हाय काय गो? दोन म्हाताऱ्या चहाचे कप हातात धरून माझ्यावरून वाद घालायच्या, आणि शब्दाला आणखी काय हवं असतं?

माघात हौसाबाई न्हाणीघरात घसरली. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी आली तेव्हा अंगात गाऊन होता, निळ्या फुलांचा.

कांताची चूक नव्हती. व्यायाम शिकवायला येणाऱ्या माणसानं बजावलं होतं की पायात घोळणारं काही नको, पुन्हा पडल्या तर उठणार नाहीत. नऊ वार नेसायला उभं राहावं लागतं, कासोटा घालायला वाकावं लागतं. हौसाबाई वॉकर धरून जेमतेम उभी राहत होती. ती विचारायची, माझं लुगडं कुठाय? श्रीपाद म्हणायचा, नंतर आई, बरी हो आधी. कांता म्हणायची, गाऊन किती सुटसुटीत आहे. अक्षदानं तर गाऊनमधला तिचा फोटो काढून छान दिसतेस म्हणून दाखवला. हौसाबाईनं तो फोटो पाहिला आणि फोन उलटा करून ठेवला.

हळूहळू तिनं विचारणं सोडलं. गाऊनला पदर नसतो. पदराशिवाय ती परक्याच काय, पोटच्या पोरासमोरही कधी बसली नव्हती. ती बाहेरच्या खोलीत येईनाशी झाली. शेजारीपाजारी भेटायला आले की डोळे मिटून भिंतीकडे तोंड करायची, आणि बाहेर कांता दबक्या आवाजात सांगायची, आत्ताच झोप लागलीय. ज्युलियानाही दोनदा अशीच परत गेली. खिडकीतून समोरच्या नव्या इमारतीचा सांगाडा दिसायचा. हौसाबाई दिवसभर तोच पाहायची. मी तिच्या जिभेच्या मागं कुठंतरी पडून असायचो. कधी ओठ हलायचे, मी उठून बसायचो, आणि ती पाणी मागायची.

एकटेपणा म्हणजे काय, ते मला तिथं समजलं. सगळे तिच्याशी बोलत होते. गोळी घेतलीस का, व्यायाम केलास का, भूक आहे का. काय नेसायचंय, हे कुणी विचारत नव्हतं.

पाडवा होऊन गेल्यावर ओतूरहून तिच्या धाकट्या भावाचा, दौलतचा, फोन आला. रविवारी येतो म्हणाला. तो का येतोय हे हौसाबाईला सांगावं लागलं नाही. त्यांच्या घराण्यात रीत आहे. बहीण मोठ्या दुखण्यातून उठली की भाऊ लुगडं घेऊन येतो. ते तिच्या उशाशी किंवा कपाटात ठेवून चालत नाही. त्यानं स्वतःच्या हातांनी द्यायचं आणि तिनं पदर पसरून घ्यायचं. घेतलं की माहेर शाबूत. नाही घेतलं तर बहिणीनं माहेर तोडलं असं समजायचं. यावर कुणी काही बोलत नाही, भांडत नाही. भाऊ उठून जातो आणि पुन्हा येत नाही.

आईबाप केव्हाच गेलेले, मधली बहीण गेलेली. हौसाबाईचं माहेर म्हणजे आता एकटा दौलत.

त्या आठवड्यात खूप दिवसांनी ती कांताला म्हणाली, "रविवारी मला लुगडं नेसव." मी त्या घरात पुन्हा वाजलो. कांता घाबरली, पण नाही म्हणवेना. तिनं माहेरी डोंबिवलीला फोन केला, बहिणीला फडके रोडवर पाठवलं आणि शनिवारी संध्याकाळी एक खोका आणून सासूच्या मांडीवर ठेवला. आत जांभळी, जरीच्या काठांची नऊवारी होती. शिवलेली. कमरेला इलॅस्टिक, बाजूला चेन, कासोटा आयता. अक्षदाकडे स्वागतयात्रेची तशीच होती. वाकायचं नाही, उभं राहायचं नाही, बसल्याबसल्या पायांतून चढवायची. कांतानं हे मनापासून केलं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

हौसाबाईनं चेन वर-खाली करून पाहिली. मग पदर हातात घेतला. त्याच्या चुण्या घालून त्या खांद्यापाशी शिवून टाकल्या होत्या. तिनं ओढून पाहिलं. पदर उलगडेना.

"हे सोंगाचं हाय," ती एवढंच म्हणाली. आजीला फॅशनच कळत नाही, असं अक्षदा कुरकुरली. कांता खोका घेऊन बाहेर गेली. पसरता न येणाऱ्या पदरात भावाचं लुगडं कसं घ्यायचं, हे हौसाबाईनं तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. पण जी गोष्ट जन्मभर कुणाला सांगावी लागली नाही ती सांगायला माणसाकडे शब्द नसतात. मी होतो. तिनं मला वापरलं नाही.

रविवारी दौलत आला. ऐंशीच्या घरातला, काठी टेकत, खोपटला एसटीतून उतरून रिक्षानं आलेला. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लुगडं होतं. तो आत आला तेव्हा हौसाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. गाऊनवर चादर हनुवटीपर्यंत ओढलेली. तो तिच्या उशापाशी खुर्चीवर बसला. "आक्का," म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला. हौसाबाईनं डोळे मिटून घेतले, इतके घट्ट की पापण्यांना सुरकुत्या पडल्या. दौलतला ते खुर्चीवरून दिसत होतं.

तो बराच वेळ बसला. मग लुगडं तिच्या उशाशी ठेवलं आणि बाहेर आला. कांतानं चहा दिला, औषधांनी गुंगी येते म्हणाली. त्यानं चहा पूर्ण प्याला. उठताना श्रीपादला म्हणाला, "जागी व्हती ती. आपरेशनला आलो न्हाई, त्याचा राग असंल. बराबर हाय तिचं." श्रीपादनं नाही नाही म्हणत त्याला थांबवायचा प्रयत्न केला. दौलत काठी शोधत होता.

आत हौसाबाईला शब्द न् शब्द ऐकू येत होता. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला आणि तिच्या घशातून काहीतरी निघालं. मी नव्हतो. तो कुठलाच शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी ज्युलियाना आली. कांता दाराशी झोपलीय म्हणू लागली, तेव्हा ती तिला बाजूला सारून सरळ आत गेली. पदराखालून हातावर थापलेल्या तांदळाच्या भाकऱ्या काढल्या, गाऊनकडे बघितलं, उशाशी पडलेल्या पुडक्याकडे बघितलं आणि पलंगावर बसली. मग हौसाबाईनं सगळं सांगितलं. न रडता, थांबत थांबत. मी त्या सांगण्यात कितीदा आलो असेन. इतके दिवस अडवून धरलेलं पाणी सुटावं तसा येत होतो. दारात उभ्या असलेल्या कांतानं ते पहिल्यांदा ऐकलं आणि हातातलं फडकं तिनं तोंडाला लावलं.

"आई, मला सांगायचं ना," ती म्हणाली.

"काय सांगनार," ज्युलियाना म्हणाली, "तुमी चेनीचं आनलंव." मग हौसाबाईकडे वळून, "फोन कर भावाला."

हौसाबाई म्हणाली, फोनवर पदर कसा पसरू? ज्युलियाना म्हणाली, आता फोनात तोंड दिसतं गो, माझी धाकटी लेक लिओना रोज कुवेतवरून दिसते. हौसाबाई म्हणाली, दिसू दे, पण नेसू काय? नऊ वार नेसून मी उभी राहते का?

ज्युलियाना उठली, कपाटातून हौसाबाईचं एक रोजचं लुगडं काढलं, हिरवं सुती, तांबड्या काठाचं. पलंगावर पसरलं आणि मधोमध बोट ठेवलं.

"अर्धं कर. गोल गुंडालतं मी, घोट्याच्या वर. पायात काय येत नाय. पदर मोकला."

हौसाबाईनं कापडावर हात ठेवला. आयुष्यभर तिनं दोन फाटक्या लुगड्यांचं एक केलं होतं. धडधाकट एकाचे दोन करायची वेळ पहिल्यांदाच आली होती. अर्धं म्हणजे लुगडं न्हाई मग ते, ती म्हणाली.

त्या क्षणी मला तोंड असतं तर मी बोललो असतो. माझा वंश शोधणारे काही जण मला प्राकृतातल्या 'लुग्ग' या शब्दापाशी नेऊन सोडतात. त्याचा अर्थ मोडलेलं, भंगलेलं. ते खरं असेल तर मी अख्ख्या कापडाचं नाव कधी नव्हतोच. फाटका तुकडा हाच माझा जन्म. मला तिला सांगायचं होतं, हौसाबाई, फाड. नऊ वार हे माझं माप आहे, मी नव्हे. साडेचारात मावतो मी, दोन वारांतही मावेन, तू मला मोकळ्या पदरानं नेस आणि माझ्या नावानं हाक मार, बस. पण शब्दाला स्वतःहून काही बोलता येत नाही. त्याला कुणीतरी बोलावं लागतं.

ज्युलियानानं काठाला कातरीनं चीर दिली. बाकीचं हौसाबाईनं स्वतः फाडलं. एकदा सुरू झाल्यावर ती थांबली नाही. दुसऱ्या काठाशी कापड अडलं, तिथंही तिनं जोर लावला.

मग त्या दोघींनी तिला नेसवलं. कांतानं कमरेला धरलं, ज्युलियानानं गुंडाळलं, बाळकुमच्या बायका नेसतात तसं वर ओढून. निऱ्या नाहीत, कासोटा नाही. पदर तोकडाच आला, पण डोक्यावरून घेतला तरी पुढं हातभर उरला. हौसाबाई पलंगाच्या कडेला ताठ बसली. अक्षदा कॉलेजातून आली होती. तिनं ओतूरला दौलतच्या नातवाच्या फोनवर फोन लावला आणि आपला फोन आजीसमोर धरला.

दौलत दिसला. ओसरीवर बसला होता. नातवानं फोन त्याच्या फार जवळ धरला होता, म्हणून आधी नुसतं कपाळ दिसलं, मग डोळे. त्यानं बहिणीला पाहिलं. डोक्यावरचा पदर पाहिला.

हौसाबाईनं पदराची दोन टोकं दोन हातांत धरली आणि मांडीवर पसरली.

"दे," ती म्हणाली.

दौलतला कळायला वेळ लागला. मग त्यानं काठी बाजूला ठेवली, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि रिकामे हात फोनच्या दिशेनं पुढं केले. नातू काहीतरी म्हणाला, त्याला त्यानं गप्प केलं. इकडं ज्युलियानानं उशाशी पडलेलं पुडकं उचललं, वर्तमानपत्र काढलं आणि लुगडं हौसाबाईच्या पदरात टाकलं.

"दिलं, आक्का."

"घेतलं."

पुढं दोघं बराच वेळ गावाकडच्या गोष्टी बोलत होते. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं लग्न ठरलं. ऑपरेशनचं नाव कुणी काढलं नाही. फोन धरून अक्षदाचा हात अवघडला, पण तिनं तो खाली घेतला नाही.

मला वाटलं, माझे दिवस फिरले.

संध्याकाळी ज्युलियाना जायला निघाली तेव्हा तिनं सांगितलं, लिओना तिला पावसाळ्यानंतर कुवेतला घेऊन जाणार आहे. तिथं लुगरं नेसून चालत नाही म्हणे. हौसाबाई म्हणाली, मग जाऊ नको. दोघी हसल्या. ज्युलियाना गेली.

कांता घड्या घालत होती. तिनं दौलतचं नवं लुगडं उचललं. ती आता शिकली होती, तिला सासूला खूश करायचं होतं, आणि तिनं मला अगदी नीट उच्चारलं. "आई, हे लुगडं पण अर्धं करू का? रोज एक धुवायला, एक नेसायला होईल."

हौसाबाईनं मान हलवली. "न्हाई. ते अख्खं राहू दे. दौलतनं दिलंय." मग अंगावरच्या हिरव्या कापडावरून हात फिरवत म्हणाली, "आन् ह्याला लुगडं म्हणू नको गं. लुगडं कुठं राह्यलं हे. साडी म्हण आता."

कांता बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आतून हाक आली, "कांता, माझी साडी दे." कांतानं दिली. हौसाबाई ती नेसून बाहेरच्या खोलीत येऊन बसली, शेजारणीशी बोलली, अक्षदाच्या पोह्यांना नावं ठेवली. तिला हवं ते तिला मिळालं होतं. आणि माझ्यावरच्या निष्ठेपायी, मला खोटं वापरायचं नाही म्हणून, तिनं मला सोडून दिलं होतं.

मी तिच्यावर रागावलेलो नाही. माझं नाव इतक्या जपून वापरणारं दुसरं माणूस मला भेटलं नाही.

तेव्हापासून मी त्या घरात फार कमी बोलला जातो. दौलतचा फोन आला की तो विचारतो, लुगडं बरं हाय ना? हौसाबाई म्हणते, बरं हाय. तेवढ्यापुरता मी उठतो. ते नवं लुगडं कपाटात घडीवर आहे आणि ती ते कधी नेसणार नाही, हे तिला माहीत आहे, मला माहीत आहे, बहुतेक दौलतलाही.

माझ्यासाठी कुणी दिवस साजरा करावा, स्पर्धा घ्यावी, माझ्यावर भाषण ठोकावं, असं मला वाटत नाही. त्यानं शब्द जगत नाहीत. माझं मागणं वेगळं आहे, आणि ते माझ्यासाठी नाही. तुमच्या घरात आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून कुणी पडलं असेल, तर गोळीचं विचारण्याआधी तिला विचारा, तुला काय नेसायचंय? ती उत्तर देईल तेव्हा मधे बोलू नका. कदाचित मी असेन. नसलो तरी चालेल.